सरसकाका आणि चिकटवलेली पानं

मागच्या आठवड्यात मी एका म्हाताऱ्या माणसाला ओल्या कापसानं एक पान उघडताना पाहिलं. मी अजून त्यातून बाहेर आलेले नाही. म्हणून लिहिते आहे.

त्या माणसाला आमच्या गल्लीत सरसकाका म्हणतात. ते पुस्तकं बांधतात. दुकानाच्या कोपऱ्यात एका छोट्या शेगडीवर सरसाचं भांडं कायम गरम असतं. सरस म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून केलेला चिकट पदार्थ. त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. पत्ता विचारायची गरज नाही, नाक पुरेसं आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते दाराकडे पाठ करून पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळत होते. मागे न वळताच म्हणाले, "ठेव टेबलावर. कणा मोडलाय ना?"

मोडला होता. कॉलेजात असताना घेतलेला माझा शब्दकोश मधोमध दुभंगला होता.

"न बघता कसं कळलं?"

"धड पुस्तक घेऊन येणारा धाडधाड येतो. मोडकं घेऊन येणारा तान्हं मूल आणल्यासारखा पाऊल टाकतो. काय आहे?"

"शब्दकोश."

"अगं, त्यांना नको देऊस," आतून एक बाई ओरडल्या. "आधीच तोंडात शब्द मावत नाहीत त्यांच्या!"

त्या काकू. दुकानामागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. मधलं दार मी कधी बंद पाहिलं नाही. बंद केलं असतं तर काकूंचं बोलणं अडलं असतं. मी साहित्याची पदवीधर आहे आणि एका शिकवणीत भाषा शिकवते हे कळल्यावर काकूंनी माझं नाव साहित्यबाई ठेवलं. शब्दकोश न्यायला गेले, चहा प्याले आणि मग जातच राहिले.

काकांनी मला काही गोष्टी शिकवल्या. त्यातली एक इथे सांगायला हवी. पुस्तकाच्या बांधणीत दोन चिकट वस्तू लागतात. एक सरस, दुसरी खळ. खळ म्हणजे पीठ शिजवून केलेली साधी लापशी.

"जे कायमचं बसवायचं तिथं सरस," काका म्हणाले. "जे कोणाला तरी कधीतरी उघडावं लागेल तिथं खळ. वाळली की दोन्ही सारखीच घट्ट. पण खळ पाण्यानं सुटते. सरस सुटताना कागदाची साल घेऊन जातो."

"कुणी शिकवलं?"

"आबांनी."

आबा म्हणजे त्यांचे वडील. तेही पुस्तकंच बांधायचे. शिवाय ते त्यांच्या चर्चचे पंच होते. काका आबांविषयी बोलताना आवाज थोडा खाली घेत. आबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

*

घरात दोन बायबलं होती. मधल्या दारावरच्या फळीवर शेजारी शेजारी उभी. एक जाडं, एक बारीक. जाडं काकूंचं, बारीक काकांचं. काकू कॅथलिक, काका प्रोटेस्टंट. रविवारी सकाळी दोघं एकत्र घराबाहेर पडत, कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत आणि तिथून दोन दिशांना जात. येताना जो आधी पोचेल तो कोपऱ्यावर थांबे.

जाडेपणाचं कारण मला काकूंनी सांगितलं.

"यांच्या लोकांनी सात पुस्तकं खाल्ली."

"तुझ्या लोकांनी सात घुसवली," काका दुकानातून म्हणाले.

"आमच्याकडे आधीपासून होती!"

"हिब्रूत होती का?"

"ग्रीकमध्ये होती! ग्रीक काय देवाला येत नाही?"

भांडण एवढंच. पण खरं पाहिलं तर वादही एवढाच आहे. ख्रिस्ताच्या आधी ज्यूंच्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं. त्या ग्रीक संग्रहात काही जास्तीची पुस्तकं होती. जुन्या चर्चनं ती वाचली, जपली. पुढे प्रोटेस्टंट वेगळे झाले. त्यांनी हिब्रूतली यादी प्रमाण धरली आणि उरलेली बाजूला काढली. त्या पुस्तकांना अपोक्रिफा म्हणजे 'लपलेली' असं नाव आहे. हा शब्द निघाला की काकू पेटत.

"लपलेली म्हणे! माझी आजी अंगणात बसून खड्या आवाजात वाचायची. सगळी आळी ऐकायची. कुठं लपली होती?"

एकदा लांब दाढीचे, काळ्या झग्यातले एक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू स्वतःचं बायबल बांधायला घेऊन आले. ते काकूंच्या बायबलहूनही जाड होतं. त्यांच्यात आणखी काही पुस्तकं धरतात. काकूंनी ते दोन्ही हातांत तोलून पाहिलं आणि काकांकडे वळल्या.

"बघा. यांच्यापुढे तर मीसुद्धा प्रोटेस्टंट."

धर्मगुरू एवढे हसले की दाढी शिकंज्यात अडकता अडकता वाचली.

काका नवी बायबलं विकत नसत, पण जुनी दुरुस्त करून एका कपाटात ठेवत. लोक विचारायला येत. काकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुठल्या चर्चसाठी?" हे न विचारता घेतलेलं बायबल हमखास परत येतं. एका बाईंनी सुनेला बारीक बायबल भेट दिलं. सून कॅथलिक निघाली. आठवड्यात परत. दुसऱ्या एकानं सासऱ्यांना जाडं दिलं. सासरेबुवांनी ते उघडलं, अनुक्रमणिका वाचली आणि जावयाला उभ्या उभ्या विचारलं, "हे काय मला बाटवायला आणलंस?"

दुसरा प्रश्न काकांचा स्वतःचा होता. "मोठ्यानं वाचणार की मनात?"

मोठ्यानं वाचणाऱ्याला ते जुनं भाषांतर देत. त्यात वाक्यं लांब, पण श्वास घ्यायच्या जागा बरोबर. मनात वाचणाऱ्याला नवं. त्यात अर्थ पटकन कळतो. काकूंना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते जे आजीच्या तोंडून ऐकलं तेच खरं भाषांतर, बाकीच्या नकला. आणि आजीचं बायबल तर भावांच्या वाटणीत कुठे गेलं ते देवाला ठाऊक. घरातलं जाडं बायबल नवं होतं. चर्चमधून मिळालेलं, तळटिपांसकट.

"टिपा फार आहेत यात," काकू म्हणत. "देव एक वाक्य बोलतो आणि खाली चार प्राध्यापक खोकतात."

*

मग काकूंची नजर गेली.

एकदम नाही. आधी सुईत दोरा ओवता येईना. मग कपातला चहा किती उरला ते कळेना. डॉक्टरांनी आत बघितलं, दिवा दाखवला आणि शेवटी खुर्ची मागे सरकवली. आता यापुढे काही करता येणार नाही, म्हणाले.

मीही बरोबर गेले होते. काकूंनी बाहेर आल्यावर मला विचारलं, "डॉक्टर दिसायला कसा होता गं?"

"बरा होता."

"मग ठीक आहे. शेवटचा पाहिलेला माणूस देखणा असावा."

काका फुटपाथवर थांबले. "शेवटचा मला बघ ना."

"तुम्हाला तर मी पाठ केलंय."

त्यानंतर काका रोज दुपारी जेवणानंतर दुकानाचं एक दार ओढून घेत आणि काकूंना वाचून दाखवत. काकूंचंच जाडं बायबल घेत, त्यांच्या मानासाठी. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली. काकू खाटेवर, काका स्टुलावर. मी जमेल तशी जाऊन दारात बसे. काकांचा आवाज खरबरीत आहे, लाकडावर पॉलिश कागद फिरवल्यासारखा. पण वाचताना ते घाई करत नाहीत.

एका दुपारी नहेम्याचं पुस्तक संपलं. काकांनी पानांचा एक गठ्ठा उलटला आणि एस्तेर राणीची गोष्ट सुरू केली.

"थांबा," काकू म्हणाल्या. "अहो, मी आंधळी झालेय, बहिरी नाही. केवढी पानं उलटलीत?"

काका चष्मा सारखा करू लागले.

"नहेम्यानंतर टोबीत येतो. माझ्या पुस्तकात. आंधळ्या म्हाताऱ्याची गोष्ट."

"ते नको."

"तेच हवंय. आयुष्यात एकदाच ती गोष्ट माझ्या कामाची झालीय. वाचा."

काकांनी पुस्तक मिटलं. उठले आणि दुकानात जाऊन उगाच पुठ्ठे रचायला लागले. काकूंनी माझ्याकडे तोंड फिरवलं. मी जिथे बसले होते त्याच्या थोडं उजवीकडे.

"आबांना वचन दिलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या वेळी. आबा मला काही वाईट नव्हते बोलले. म्हणाले, मुली, तुझी सात पुस्तकं तुला, या घरात तुला कोणी अडवणार नाही. आणि यांना म्हणाले, तू मात्र ती मोठ्यानं वाचायची नाहीस. हे म्हणाले, नाही वाचणार. झालं. तेव्हा काय, मला डोळे होते. मी माझी वाचत होते. त्या वचनाची मला कधी आडकाठीच झाली नाही."

"आता आबा नाहीत."

"तेच तर. असते तर भांडले असते त्यांच्याशी. गेलेल्या माणसाशी कसं भांडायचं?"

मी दुकानात गेले. काका पुठ्ठ्याची धार बोटानं तपासत होते.

"तू वाच तिला," ते म्हणाले. "तुला काय अडचण आहे? तू तर साहित्यवाली."

मी वाचलं. ती गोष्ट मला आवडली. परमुलखात राहणारा एक भला म्हातारा, त्याची नजर जाते. बायको कापड विणून घर चालवते आणि त्याला वेळ मिळेल तसं सुनावते. मुलगा लांबच्या प्रवासाला निघतो. सोबतीला एक अनोळखी माणूस मिळतो, तो खरा देवदूत असतो. आणि मागे मागे एक कुत्रा. शेवटी मुलगा माशाचं पित्त घेऊन येतो, बापाच्या डोळ्यांना लावतो आणि बापाला दिसायला लागतं.

मुलगा घरी परत येतो तिथे काकूंनी हात वर केला.

"आणि शेपूट?"

"काय?"

"कुत्रा पुढे धावत येतो ना. शेपूट हलवत. आई दाराशी बसलेली असते, ती आधी कुत्र्याला बघते."

मी पुन्हा वाचलं. कुत्रा होता. मागून चालत येत होता. शेपूट कुठेच नव्हतं. मी तळटिपाही पाहिल्या.

"नीट बघ."

"नाही काकू. नुसता कुत्रा आहे."

त्यांनी खाटेची कड चाचपली. मग हळूच म्हणाल्या, "आजी तिथं हातानं करून दाखवायची. असा पंजा हलवायची शेपटासारखा. मला स्वच्छ आठवतंय." त्यांनी स्वतःचा पंजा हलवला. थांबवला. "की मीच बनवलं हे? डोळ्यांबरोबर डोकंही निघालं वाटतं."

त्या हसल्या. पण ते त्यांचं हसणं नव्हतं.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "तू चांगलं वाचतेस गं. राग मानू नकोस. पण तू वाचलंस की ती गोष्ट वाटते. त्यांनी वाचलं असतं तर... ते घरातलं वाटलं असतं."

काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ते काही बोलतील. त्यांनी सरसाच्या भांड्याखालची शेगडी बारीक केली, इतकंच.

*

पुढच्या दिवसांत काकूंनी वाचनच मागितलं नाही. काका पुस्तक घेऊन बसले की म्हणत, "राहू द्या आज." एस्तेर राणी तशीच अर्धवट राहिली. मला काकूंचं गप्प राहणं सहन होत नव्हतं. काकांना तर अजिबात होत नव्हतं. ते दर थोड्या वेळानं आत डोकावत. मधल्या दारातून आता आवाज येत नव्हता.

अशातच काकांच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. तरुण, चष्मा लावणारे. सोबत दोघं जण, आणि दोघांच्या हातांत मिळून एक पुस्तक. चर्चचं जुनं व्यासपीठावरचं बायबल. चर्चनं आता नवं भाषांतर घेतलं होतं, मुलांना कळावं म्हणून. जुनं काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. त्याचा कणा तुटला होता, शिवण सुटली होती.

"पेटीत उभं राहील एवढं करा," पाळक म्हणाले.

काकांनी बायबलवरून हात फिरवला. एखाद्या जुन्या ओळखीच्या घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग पानांच्या बाहेरच्या कडेला बोट थांबलं. जुना करार आणि नवा करार या बायबलच्या दोन भागांच्या मध्ये पानांचा एक जाड थर होता. त्याच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या. लाकडाची फळी घातल्यासारखा.

"हे काय?" मी विचारलं.

"हे आबांनी केलंय," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. या बायबलमध्ये ती पुस्तकं होती. जुन्या प्रोटेस्टंट बायबलांत कित्येकदा असत, दोन करारांच्या मध्ये, वेगळी छापलेली. काका लहान असताना तेव्हाच्या पाळकांनी एका अंत्यविधीला त्यातला एक भाग वाचला. मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याविषयीचा. त्यावरून चर्चमध्ये रणकंदन झालं. आपण मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो का? नाही. मग हे वाचलं का? काही म्हणाले, पानं कापून टाका. आबा उभे राहिले. म्हणाले, या पुस्तकाला मी कात्री लावणार नाही. हवं तर बंद करून देतो.

"आणि त्यांनी मला बाहेर खेळायला पाठवलं. दार लावून एकट्यानं काम केलं. संध्याकाळी पंच आले. विचारलं, पक्कं झालं ना? आबा म्हणाले, ओढून बघा. एकानं जोर लावून ओढलं. हललं नाही. सगळे खूश."

"बंदच राहू द्या मग," पाळक म्हणाले. "काचेत कोण उघडतंय? उगाच पंचांना नवा विषय नको."

"तसं नाही होणार." काकांनी पुस्तक आडवं केलं. "शिवण दुमडलेल्या पानांच्या घडीच्या आतून घालावी लागते. प्रत्येक घडी मधोमध उघडल्याशिवाय सुई जाणार कुठून? हा थर बंद राहिला तर मधेच सुटा राहील. पेटीत उभं केलं की खाली गळून पडेल."

पाळक गोंधळले. मग शहाण्या माणसासारखं बोलले. "तर उघडा, शिवा आणि पुन्हा चिकटवा. आधी होतं तसं."

ते गेले. काका किती तरी वेळ त्या थराकडे बघत बसले.

"भीती वाटते," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "आबांचा सरस आहे. अस्सल. कागदाची साल निघणार. अक्षरं जाणार."

"काय झालं?" आतून आवाज आला. कितीतरी दिवसांनी.

"काही नाही गं. आबांचं काम उसवतोय."

"थांबा, मी येते." काकू भिंतीला हात लावत दुकानात आल्या. मी त्यांना खुर्ची दिली. "दिसत नाही तरी बघू दे."

काकांनी कोमट पाण्यात कापूस बुडवला. पिळला. पहिल्या दोन पानांच्या कडेवर अलगद धरला. हाडाची पातळ पट्टी दुसऱ्या हातात तयार ठेवली. सरस असेल तर बराच वेळ लागेल, असं ते म्हणाले होते.

बराच वेळ लागला नाही. पट्टी पानांच्या मध्ये अशी गेली जशी पाण्यात जाते. दोन पानं सुटली. अख्खी, स्वच्छ. एक अक्षर मोडलं नाही.

काका तसेच थांबले. मग त्यांनी पुस्तकावर वाकून ओल्या कडेचा वास घेतला. सरस ओला झाला की वास मारतो. त्यांनी पुन्हा वास घेतला. बोट कडेवर घासलं आणि जिभेला लावलं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"खळ आहे."

"काय?"

"सरस नाही गं. आबांनी खळ लावलीय."

काकू बाइंडरच्या बायको. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. मलाही नाही. मी दोघांकडे बघत राहिले. काकांच्या हातातला कापूस ठिबकत होता आणि त्यांच्या ते लक्षातही नव्हतं.

शेवटी काकूच बोलल्या. "सगळ्या पंचांना गंडवलं की हो सासऱ्यांनी."

"गंडवलं नाही," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखा खाली नव्हता. "बंद करा म्हणाले, त्यांनी बंद केलं. कायमचं करा असं कोणी म्हणालं नव्हतं."

मग ते पान पान सोडवत गेले. मी मध्ये टीपकागद घालत गेले. पहिल्या पानावर मथळ्याखाली चार ओळी होत्या. काकांनी मला वाचायला सांगितल्या. ही पुस्तकं पवित्र शास्त्राच्या तोडीची मानलेली नाहीत, तरी वाचायला चांगली आणि उपयोगाची आहेत, असा त्यांचा अर्थ होता.

"म्हणजे माझ्यासारखीच," काकू म्हणाल्या. "शास्त्रात नाही, पण घरात उपयोगाची."

हे त्यांचं जुनं हसणं होतं.

*

पानं वाळायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा दुकानाचं दार ओढलेलं होतं. आत मोठं बायबल टेबलावर उघडं. काकांनी स्वच्छ सदरा घातला होता. काकू खुर्चीत.

"ये गं साहित्यबाई. नवरा कामाला लागलाय."

"अगं, पण वचन..." काका चष्मा पुसत होते. एकदा पुसून झाला होता.

"सासऱ्यांनी काय सांगितलं होतं? मोठ्यानं वाचू नकोस. मग बारीक आवाजात वाचा. माझे कान चांगले आहेत."

काका हसले. मग गंभीर झाले. पुस्तकाच्या कडेवर, जिथे ती खळ होती, तिथे अंगठा ठेवला. थोडा वेळ ठेवला. आणि वाचायला लागले.

बारीक आवाजात नाही. त्यांच्या नेहमीच्या आवाजात, जसे ते कोणतंही पान वाचत. म्हाताऱ्याची नजर गेली. बायकोनं त्याला सुनावलं. तिथे काकूंनी "बरोबर केलं" म्हटलं. मुलगा निघाला. कुत्रा मागे निघाला. ते जुनं भाषांतर होतं. वाक्यं लांब होती आणि श्वास घ्यायच्या जागा बरोबर होत्या. माझ्या वाचण्यात जी गोष्ट होती ती खरंच घरातली झाली. खाट, भिंत, पाण्याचा माठ, सगळं तिच्यात आलं.

मुलगा घराजवळ आला. काकूंनी डोळे मिटले होते. त्यांना तशी गरज नव्हती, तरी मिटले होते. मांडीवर ठेवलेले हात त्यांनी एकमेकांत घट्ट धरले होते.

काका वाचता वाचता थांबले. चष्मा कपाळावर सरकवला. डोळे कागदाजवळ नेले. पुन्हा चष्मा खाली आणला.

"काय आहे?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी लहान होता. "नाहीये ना?"

त्यांनी ती ओळ वाचली. कुत्रा पुढे धावत आला होता. उड्या मारत, आनंदानं, शेपूट हलवत.

काकूंच्या घट्ट धरलेल्या हातांची मिठी सुटली.

नंतर मी याचा शोध घेतला. या पुस्तकाच्या जुन्या प्रती सारख्या नाहीत. लॅटिनवरून केलेल्या जुन्या भाषांतरांत शेपूट आहे, मग ती कॅथलिकांची असोत की प्रोटेस्टंटांची. नवी भाषांतरं अधिक जुन्या ग्रीक प्रतींवरून करतात, तिथे ते बहुतेक नाही. आजीच्या बायबलमध्ये होतं. काकूंच्या नव्या बायबलमधून गेलं. आणि काकांच्या चर्चच्या व्यासपीठावर, आबांनी मिटलेल्या पानांत, ते इतकी वर्षं हलत होतं. पण हे सगळं नंतर. त्या दुपारी मला काहीच माहीत नव्हतं. मी नुसती बघत होते.

काकूंचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. पंजा हवेत हलला. इकडून तिकडे. आजी करायची तसा.

"मी बनवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"डोकं ठिकाणावर आहे माझं."

"तसं मी म्हणालो नाही. शेपूट आहे एवढंच म्हणालो."

"मेलं, बाईला रडवून वर चेष्टा करता." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग त्या तोंड पुढे करून, या वेळी जराही इकडे तिकडे न होता बरोबर काकांकडे बघत म्हणाल्या, "पाळकांनी पुन्हा चिकटवायला सांगितलंय ना?"

"हो."

"कशानं चिकटवणार?"

"तू सांग."

शेगडीवर सरसाचं भांडं होतं, पण त्याचा वास येत नव्हता. मी तेव्हाच पाहिलं, शेगडी विझवलेली होती. टेबलाच्या कडेला एका वाटीत थोडं पीठ काढून ठेवलं होतं.

"बरं, पुढे वाचा," काकू म्हणाल्या. "म्हाताऱ्याचे डोळे राहिलेत अजून."

"वाचतो. आधी कुत्र्याला घरात येऊ दे."

आणि त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.